भाताच्या खळीने चिकटवलेले म्यान

मी एक जुने म्यान आहे. साधे, पांढऱ्या लाकडाचे. ना लाखेची चकाकी, ना सोनेरी नक्षी. मित्रांनो, एरवी मी माझे रडगाणे तुमच्यापुढे गायले नसते. पण आज माझ्या हातात वेळ फार थोडा आहे, आणि या घरात माझे ऐकणारे कोणी नाही.

साकाताच्या बंदरापाशी एका कारागिराने मला घडवले. लाकूड दहा वर्षे वाळवले, त्याच्या दोन फाका केल्या, आत तलवारीच्या मापाची खोबण कोरली आणि शिजलेला भात घोटून केलेल्या खळीने त्या फाका चिकटवल्या. बायको त्याला म्हणाली, "भातानं काय टिकणार? जरा घट्ट काहीतरी वापरा की."

"घट्ट नकोच," तो म्हणाला. "आत गंज शिरला तर हे सहज उकलता आलं पाहिजे. उकलायचं, खरवडायचं, पुन्हा चिकटवायचं. जे म्यान उकलत नाही ते तलवारीलाच खातं."

हे वाक्य मी जन्मतः ऐकले. तेव्हा मला त्याचे काहीच वाटले नव्हते.

तलवारीचे मालक तोकुहेई यांच्या घरी माझे दिवस फार चांगले गेले. तलवार त्यांच्या खापरपणजोबांची, पण मान मलाही होता. वर्षातून दोनदा ते अंघोळ करून बसत. श्वासाची वाफ, थुंकीचा कण पात्यावर पडू नये म्हणून ओठांत कागदाची घडी धरत. मग तलवार काढायची, जुने तेल पुसायचे, मऊ भुकटी मारायची आणि लवंगतेलाचा पातळ हात फिरवायचा. तोंडात कागद असल्यामुळे तेवढा वेळ घरात अगदी शांतता असे. एकदा आलेले पाहुणे म्हणालेही, "तलवार तर तलवारच, पण म्यान काय नेटकं आहे!" ते मी अजून विसरलेले नाही.

शेवटच्या आजारपणात तोकुहेईंनी माझ्या अंगावर शाईने लिहिले, 'माझ्यामागे शिगेमीने सांभाळावी.' शिगेमी त्यांची एकुलती एक मुलगी.

ते गेले. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तलवारीला आणि मला त्यांच्या छातीवर ठेवले. अंत्ययात्रा निघायच्या आधी शिगेमीने मला उचलले आणि बाबांनी शेवटचा हात फिरवलेले पाते पाहावे म्हणून तलवार चार बोटे बाहेर काढली. तिच्या ओठांत कागद नव्हता. "बाबा," एवढेच ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतले पाणी टपटप पात्यावर पडले. तिने तसेच म्यान बंद केले. तिला दोष कसा देऊ? पण खारट पाण्याला माया कळत नाही. ते पात्याला लागले आणि गंज माझ्या लाकडात उतरला.

त्यात पावसाळा आला. माझी खळ एका जागी सुटली, बारीकशी फट पडली. खरे तर मी उकलायला तयार होते! पण शिगेमीला वाटले, बाबांची वस्तू मोडली. ती बाजारातून गोंदाची नळी घेऊन आली आणि रडत रडत मला टोकापासून तोंडापर्यंत बुजवून टाकले.

वर्षश्राद्धाला तिने तलवार काढली तेव्हा पात्यावर मसुराएवढा तांबडा डाग होता. तिने तोकुहेईंचे स्नेही, तलवारींना धार-झिलई करणारे गेम्पाची उस्ताद यांना बोलावले. उस्तादांनी पाते उजेडात धरले. "अगं पोरी, निघेल हा डाग. पण प्रत्येक घासणीत पातं झिजतं. ही शेवटची घासणी. यानंतर पोलादाचं काळीज उघडं पडेल, मग देवही आला तरी काही करू शकणार नाही."

मग त्यांनी माझ्या जोडावर बांबूची पाचर लावली. मी हलले नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. मी स्वतःही जोर लावला, मित्रांनो, शप्पथ! काही उपयोग झाला नाही.

"हे कशानं चिकटवलंस?"

"गोंद आणला होता उस्ताद. दुकानदार म्हणाला, याच्यानं जोडलेलं जहाजसुद्धा सुटणार नाही."

"मग जहाजच जोडायचं होतंस!" उस्ताद कपाळाला हात लावून म्हणाले. "ऐक. आत गंज आहे, तो पुन्हा पात्याला लागेल. हे फोडावं लागेल."

"फोडायचं? त्यावर बाबांचं अक्षर आहे!"

"बरं, नको फोडू. मी तलवारीला नवं म्यान करतो. यात तलवारीऐवजी तिच्या मापाची काठी घाल आणि देव्हाऱ्याशी ठेव. सगळे तसंच करतात."

"बाबांचं अक्षर, आणि आत काठी?" शिगेमी म्हणाली. मग तिने कमरेत वाकून उस्तादांचे आभार मानले, "विचार करते," म्हणाली, आणि आणखी चहा ओतला. उस्तादांना तो होकार वाटला. मी या घरात इतकी वर्षे काढली आहेत. 'विचार करते' म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

उस्तादांनी तलवार घासायला नेली आणि चार महिने मी रिकामे पडून होते. आज तलवार परत आली आहे, नव्या, कोऱ्या म्यानातून. शिगेमी अंघोळ करून बसली आहे. या वेळी तिने ओठांत कागदाची घडी धरली आहे, अगदी बाबांसारखी. पाते पुसले, भुकटी मारली, लवंगतेल लावले. एकही चूक नाही. तोकुहेई असते तर त्यांना अभिमान वाटला असता.

आणि आता तिने नवे म्यान बाजूला सारून मला उचलले आहे.

मित्रांनो, वडिलांच्या वस्तू जपा, पण कोणासाठी काय जपायचे ते आधी विचारा. मी तलवारीसाठी होते, तलवार माझ्यासाठी नव्हती. अक्षर पुसले तरी चालेल, मी जळले तरी चालेल. कोणीतरी हिला सांगा. तिच्या तोंडात कागद आहे, मला तोंड असून वाचा नाही. पात्याचे टोक माझ्या तोंडाशी आले आहे.

शिगेमी, थांब. पोरी, मला काठी चालेल.