काउंटरताईंची चूक

धाकट्या जावेला दवाखान्यात आणलं ते काउंटरताईंनीच. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तोही इतक्या हौसेनं, हे त्यांच्याकडून शिकावं. धाकटी मेडिकल असिस्टंटचा कोर्स पुरा करून घरी बसली होती, तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे शब्द टाकला यांनी. वर म्हणाल्या, "आमच्या घरातलीच आहे. गरीब आहे हो बिचारी."

ही गरीब बिचारी चार महिन्यांत सगळ्यांची लाडकी झाली. ताई नऊ वर्षं काउंटर सांभाळत होत्या. वजन, बीपी, रक्त काढणं, सगळं त्या बघून बघून शिकल्या होत्या, कोर्सबिर्स काही नाही. पूर्वी पेशंट आत आला की म्हणायचा, "ताई, सुई तुम्हीच टोचा." आता विचारायचा, "त्या नव्या बाई आहेत ना? त्यांचा हात हलका आहे." ताईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हलका म्हणे! मग आमचा काय मुसळासारखा आहे? घरी तर कहरच झाला. बीपी मोजायची वेळ आली तशी सासूबाईंनी बाही वर केली आणि हात धाकटीपुढे धरला. नऊ वर्षं तो हात ताईंपुढे यायचा. त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी इतकी आपटली गेली, की सासऱ्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं.

अशात रक्ततपासणीच्या खोलीत एक कायमची जागा निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, कोर्स नसला तरी तुमचा अनुभव मी धरणार. आठवडाभर दोघी तिथं काम करा. शनिवारी पाच वाजता सांगते." ताईंना ती जागा हवी होतीच. पण त्याहूनही, ती धाकटीला मिळायला नको होती. खरं आहे ते सांगितलेलं बरं.

दोघींच्या कामाच्या तऱ्हा निराळ्या. धाकटी आधी रक्त काढायची, मग पेशंटला नाव विचारून त्याच्यादेखत ट्यूबवर लिहायची. दर आठवड्याला येणाऱ्या शेजारच्या शिंप्यालासुद्धा विचारायची, "काका, पूर्ण नाव सांगा." ताईंना हसू यायचं. त्या सकाळीच वहीत बघून सगळ्या ट्यूबवर नावं लिहीत आणि नंबरानं स्टँडमध्ये ओळ लावून ठेवत. पेशंट बसला, की ओळीतली पुढची ट्यूब उचलायची. काम कसं सटासट.

शनिवारी मास्तरांचा नंबर होता आणि त्यांच्यामागं एका आजीबाईंचा. मास्तर सज्जन. म्हणाले, "आजी, तुम्ही जा आधी." आजीबाई खुर्चीत बसल्या. नेमका त्याच वेळी शेजारच्या टेबलावरचा पेशंट धाकटीला म्हणाला, "अहो, कळलंसुद्धा नाही!" ताईंचे कान तिकडे, डोळे तिकडे आणि हात मात्र ओळीतल्या पुढच्या ट्यूबवर. ती मास्तरांच्या नावाची होती. त्यानंतरची, आजीबाईंच्या नावाची, मास्तरांच्या रक्तानं भरली.

दहा वाजता वहीत खुणा करताना ताईंच्या ध्यानात घोटाळा आला. ट्यूब लॅबला गेल्या होत्या, पेशंट घरी. आजीबाईंच्या साखरेच्या गोळ्या या रिपोर्टवर ठरायच्या होत्या. सांगावं, तर जागा गेली. ताई मूग गिळून बसल्या.

अकराच्या पुढं मास्तर आणि आजीबाई कुरकुरत परत आले. धाकटीनं दोघांचं पुन्हा रक्त घेतलं. ताईंनी कपाटात डोकं घातलं आणि नसलेली फाइल शोधत राहिल्या. कोणी त्यांना काही विचारलं नाही. वाचले बाई, असं त्यांना वाटलं.

पाच वाजता डॉक्टरीणबाईंनी दोघींना आत बोलावलं.

"जागा हिला देतेय," त्या धाकटीकडे बघून म्हणाल्या. "सकाळी दोन ट्यूबची अदलाबदल झाली होती. माझ्या हातून झाली, असं ही अकरा वाजता स्वतः येऊन सांगून गेली. चूक काय, सगळ्यांच्याच हातून होते. पण सांगतं कोण?"

ताई आ वासून बघत राहिल्या. पेशंट हिनं घेतले, सासूबाईंचा हात घेतला, आता चूकसुद्धा हिनंच घेतली! आणि वर शाबासकी!

"ती माझी आहे!" ताई ओरडल्या, जणू कोणी त्यांची पर्स उचलली होती. "ती चूक माझी आहे, हिची नाही!"

डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं मान खाली घातली. "मास्तरांनी आजींना पुढं बसवलं, ते मी पाहिलं होतं. नंतर वहीत मास्तरांचा नंबर आजींच्या आधी दिसला, तेव्हा उलगडा झाला. पण मला इथं ताईंनी आणलंय, मॅडम. त्यांचं नाव कसं घेऊ?"

"खोटं बोललीस, त्याचं तुझ्याशी नंतर बोलते," बाई म्हणाल्या आणि ताईंकडे वळल्या. "तुम्हाला कधी कळलं?"

"दहाला."

"आणि सांगताय पाचला, तेही जागा गेल्यावर. मधले सात तास काय करत होतात?"

त्या सात तासांत ताईंनी वहीतल्या धाकटीच्या नोंदी दोनदा चाळल्या होत्या, एखादी चूक सापडते का म्हणून. हे काही सांगण्यासारखं नव्हतं. एकही सापडली नाही, हे तर मुळीच नाही.