उत्तरेच्या भिंतीशी

मॅलकी टिअर्नी स्वतःच्या गाडीतून पाहुण्यांना आयर्लंडमधल्या गॉलवेच्या आसपासचे जुने मठ दाखवायचा. एका दिवसाला एकच कुटुंब. सनावळ्या त्याला तोंडपाठ होत्या, पण त्या ऐकून कुणी खूश होत नाही, हे पहिल्याच वर्षी त्याच्या लक्षात आलं. मग तो मधेमधे गोष्टी पेरायला लागला.

किलब्रॅकच्या मठावर छप्पर उरलेलं नव्हतं, पण फाटकाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली समोरच्या घरातल्या मिसेस हॅनलींकडे असायची. बाई ऐंशीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या. किल्ली देताना मॅलकीच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायच्या. मठाच्या उत्तरेच्या भिंतीशी, गवतात, मुठीएवढे पांढरे दगड मांडलेले होते. बाई तिथे जाऊन गवत उपटत बसतात, हे मॅलकीने पाहिलं होतं. त्यावरून त्याने गोष्ट रचली: म्हातारी रोज पऱ्यांची पंगत बसवते, हे दगड म्हणजे त्यांच्या जागा. पाहुणे पोट धरून हसायचे. सात वर्षं ती गोष्ट चालली. पुढे पुढे तो म्हातारी पऱ्यांना कशी वाढते, ते कमरेत वाकून करूनही दाखवायला लागला.

मे महिन्यात अमेरिकेतून लुंडग्रेन नवरा-बायको आले. गोष्ट ऐकून मिसेस लुंडग्रेननी विचारलं, "आठवण म्हणून एक दगड घेतला तर चालेल?"

"घ्या की. एक परी उपाशी उठेल, एवढंच." पाहुणीने एक दगड उचलला आणि मॅलकीने नक्कल सुरू केली.

हसता हसता दोघं लुंडग्रेन एकदम थांबले. मॅलकीने वळून पाहिलं. मिसेस हॅनली मागे उभ्या होत्या. मठाच्या बुरुजाचे दगड निखळलेत, तिकडे जाऊ नका, एवढं सांगायला त्या काठी टेकत आल्या होत्या.

मॅलकीकडे त्यांनी पाहिलंच नाही. पाहुणीला म्हणाल्या, "तेवढा परत ठेवता का? माझ्या मुलीचा आहे तो."

पाहुणीने विचारलं, "कुठे ठेवू?"

"कडेपासून तिसरा. साठ साली झाली ती. बाप्तिस्म्याआधीच गेली, म्हणून फादरांनी दफनभूमीत घेतली नाही. अशी बाळं इथेच आणायचे सगळे. माझ्या नवऱ्याने खोक्यात घालून आणली. मला उठू दिलं नव्हतं."

पाहुणीने गुडघे टेकून दगड जागेवर ठेवला. मग मिसेस हॅनलींनी बुरुजाचं सांगितलं आणि त्या हळूहळू परत गेल्या. मॅलकी तिथेच उभा राहिला. मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही त्याला सोय नव्हती. पडक्या मठांच्या आडोशाला अशी बाळं पुरलेली असतात, हे त्याने पुस्तकांत वाचलं होतं. परक्या गावांबद्दल गंभीर चेहऱ्याने सांगितलंही होतं.

 परतल्यावर गाडीतून उतरताना मिस्टर लुंडग्रेन म्हणाले, "आम्हीही हसलोच की." त्या समजूतदारपणाने मॅलकीला जास्तच मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच बाईंच्या दाराशी गेला.

"मिसेस हॅनली, मला कल्पना..." तो अडखळला. "कल्पना यायला हवी होती. मी विचारलंच नाही."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं. सात वर्षं या दारात येतोयस."

"मला माफ करा."

"माझी नक्कल केलीस, त्याचं मला काही नाही. कंबर वाकलीच आहे. पण तिथे उभं राहून करायची नव्हतीस."

"यायचं बंद करू का मी?"

"नको. लोकांना आण. खरं काय ते सांग."

त्याने मान हलवली. मग विचारलं, "नाव ठेवलं होतं तिचं?"

"ठेवलं होतं," बाई म्हणाल्या. "ते तुला नाही सांगणार."

पुढच्या आठवड्यात एक डच कुटुंब आलं. भिंतीशी उभं राहून मॅलकीने खरं ते सांगितलं. सांगताना त्याची मान वर होत नव्हती. त्यांच्यातल्या आजोबांनी हॅट काढली आणि विचारलं, "हे तुम्हाला कुठून कळलं?"

"इथल्या एका आईकडून," तो म्हणाला. मग पुढचंही बोलला, "मी त्यांची टिंगल करत होतो, तेव्हा."