मामांचा शेवटचा फोटो

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे ‘टाचा’ म्हणत. उंची बेताची, आणि निम्मं आयुष्य गर्दीच्या मागे टाचा उंचावून फोटो काढण्यात गेलेलं. नाव पडायला एवढं पुरे झालं. लोकांना वाटतं, या धंद्यात जिवाला धोका असतो तो दंगलीत, आगीत, पुरात. टाचा तिन्हीकडून धडधाकट परत आला होता. त्याचा पुढचा दात पडला तो एका सत्काराला, अंगरक्षकाच्या कोपराने. कानाला टाके पडले ते फुलांच्या प्रदर्शनात. पहिल्या क्रमांकाचाच फोटो का काढला म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या बाईंनी कुंडी भिरकावली होती.

“दंगलीत माणसं निदान एकमेकांना मारतात,” तो बायकोला म्हणायचा, “समारंभात सगळे मिळून मलाच.”

त्याचा पाय मोडला तो मामांमुळे.

मामा म्हणजे माजी मंत्री. सगळं शहर त्यांना मामा म्हणायचं, आणि त्यांनी उभी हयात शहराला मामा बनवण्यात घालवली होती. तेव्हा नातं दोन्ही बाजूंनी पक्कं होतं. त्यांना धाप लागून इस्पितळात हलवल्याची बातमी आली तशी संपादकांनी हळहळ व्यक्त केली आणि त्याच दमात श्रद्धांजलीचं पान लावायला घेतलं. मजकूर केव्हाचाच तयार होता. ‘पोकळी’ हा शब्द त्यात दोनदा आला होता. घोडं अडलं फोटोपाशी.

जुन्या फोटोंचा ढीग उपसला. एकात मामांचं तोंड उघडं, दुसऱ्यात डोळे मिटलेले, तिसऱ्यात दोन्ही. एक जरा बरा निघाला, तर मामांच्या खांद्यावर कुणाचातरी हात.

“हा हात कुणाचा?” संपादकांनी विचारलं.

“तो सध्या तुरुंगात आहे.”

“मग हात काप.”

“हात कापला तर मामांचा खांदा जातो,” टाचा म्हणाला. “आणि खांद्याबरोबर अर्धा कान.”

तेवढ्यात मामा बरे होऊन घरी आले, आणि पान लागलेलं तसंच राहिलं. संपादक म्हणाले, “दैवाने सवड दिलीय. जा, चांगला फोटो घेऊन ये. रविवारच्या पुरवणीसाठी हवाय म्हणून सांग.”

मामा बागेत खुर्ची टाकून बसले होते. शेजारी मामी औषधाची बाटली घेऊन उभ्या, आणि मागे त्यांचा मुलगा. मामा आजारी पडल्यापासून त्याने वडिलांचे कपडे घालून बघायला सुरुवात केली होती, असं नोकर कुजबुजत. निवडणूक तोंडावर आली होती.

“पुरवणीसाठी?” मामांनी टाचाला आपादमस्तक न्याहाळलं. “अरे, मी पेपरवाल्यांना तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो. खरं सांग, कुठलं पान?”

टाचाला खोटं बोलायची सवय नव्हती. त्याच्या कचेरीत ते काम लिहिणाऱ्यांचं होतं. “पहिलं,” तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मामी “अगं बाई!” म्हणून मटकन खाली बसल्या. मामांचा चेहरा मात्र खुलला.

“पहिलं? वरच्या अर्ध्यात की खालच्या?”

“वरच्या.”

“रुंदी किती?”

“अर्धं पान, मामा.”

“अर्धंच? तो गेला तेव्हा,” मामांनी आपल्या जुन्या विरोधकाचं नाव न घेता हात आभाळाकडे केला, “त्याला पाऊण दिलं होतं. आणि माणूस कसला, तर पुसट! संपादकांना सांग, पाऊण नसेल तर मी जात नाही.”

मग फोटो काढायला सुरुवात झाली. हसरा चेहरा मामांना नको होता. लोक म्हणतील, सुटला म्हणून हसतोय. गंभीर नको, लोकांना जुन्या चौकशा आठवतील. शेवटी दूर कुठेतरी बघायचं ठरलं. मुलगा हळूच येऊन खुर्चीमागे उभा राहिला आणि तोही दूर बघू लागला.

“तू कशाला?” मामांनी विचारलं.

“वारसा दिसायला हवा ना, बाबा.”

“वारसा दिसायला आधी मला मरावं लागतं. हो बाजूला!”

मुलगा फुरंगटून पायरीवर जाऊन बसला. टाचाने कॅमेरा डोळ्याला लावला तर मामांमागे घराचे तिन्ही मजले दिसत होते.

“घर येऊ देऊ नकोस,” मामा म्हणाले. “लोक विचारतील, पगार तो केवढा नि घर केवढं. मी खुर्ची फिरवतो, मागे नुसती झाडं घे. सगळी झाडं. जरा मागे सरक.”

टाचा सरकला.

“अजून.”

बागेच्या त्या कोपऱ्यात जमिनीत एक कोरडी टाकी होती आणि तिच्यावर सिमेंटचं गोल झाकण. मामा मंत्री असताना शहरभरच्या गटारांवर अशीच झाकणं बसवली गेली होती आणि ती सगळी मुलाच्या कारखान्यात ओतलेली होती. एक उरलं ते घरी आलं. शहरातली झाकणं पहिल्याच वर्षी खचली. घरच्यावर कुणी पाय दिला नव्हता, म्हणून ते शाबूत होतं.

टाचाने मामांच्या चेहऱ्यावर हवा तो भाव टिपला, समाधानाने आणखी एक पाऊल मागे घेतलं, आणि नाहीसा झाला.

कॅमेरा धरलेला हात तेवढा वर राहिला. सगळे धावले. मुलाने आधी कॅमेरा काढून घेतला. मामा खुर्चीतूनच ओरडले, “फोटो आला का रे?”

“आला,” टाकीतून आवाज आला. “पाय गेला.”

इस्पितळात प्लास्टर घालून झाल्यावर संपादकांचा फोन आला. “कॅमेरा ठीक आहे ना?” त्यांनी विचारलं. ठीक असल्याचं कळल्यावर त्यांनी विश्रांती घ्यायला सांगितलं. बायको डबा घेऊन आली होती. तिने फोन हातातून काढून बंद केला.

“जळत्या गोदामात शिरलात तेव्हा केस करपला नाही,” ती म्हणाली. “आणि बागेत खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याने तुम्हाला गाडलं!”

दुपारी तो म्हाताराच दारात हजर. आदल्या आठवड्यात अंथरुणाला खिळलेले मामा ताठ चालत आले. मागे मुलगा, आणि त्याच्यामागे चार वर्तमानपत्रांची माणसं. मामांनी टाचाचा हात हातात घेतला. ‘जरा इकडे बघा’ म्हणायच्या आधीच ते इकडे बघत होते. टाचाला कळेना, आपण कुठे बघायचं. जन्मात तो कॅमेऱ्याच्या या बाजूला कधी आलाच नव्हता. त्याचं तोंड उघडं राहिलं.

“पत्रकारांचं रक्षण हे माझं...” मामांनी सुरुवात केली.

“मामा,” टाचाची बायको मधेच म्हणाली, “झाकण कुठल्या कारखान्यातलं होतं?”

चारही वार्ताहरांच्या लेखण्या थबकल्या. मुलगा खिडकीबाहेर काहीतरी शोधू लागला. मामांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. आणि त्यांच्या डोळ्यांत टाचाने असं तेज पाहिलं, जे बागेत तासभर खपून त्याला मिळालं नव्हतं.

“ताई, तुम्ही माझ्या मनातलं बोललात,” मामा म्हणाले. “कारखाना माझ्या मुलाचा आहे. म्हणून काय झालं? चौकशीची पहिली मागणी मीच करतो. लिहा!”

“बाबा!” मुलगा म्हणाला.

“माझ्यासाठी शहर आधी, पोरगा नंतर. हेही लिहा.”

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत मामा वरच्या अर्ध्यात होते. पोटच्या पोराची गय न करणारा नेता म्हणून गल्लीगल्लीत त्यांचं कौतुक झालं. पक्षाने त्यांना उमेदवारी दिली आणि मुलाला समजूत. मामा धापा टाकत फिरले आणि निवडून आले. चौकशी नेमली गेली. ती अजून बसलेली आहे, उठायचं नाव घेत नाही.

“तुझ्या प्रश्नाने त्यांना निवडून आणलं,” टाचा बायकोला म्हणाला.

“मला काय माहीत? मी आपला सरळ प्रश्न विचारला.”

“सरळ प्रश्नच त्यांना पचतात. आयुष्यभर तेच खाल्लंय त्यांनी.”

प्लास्टर निघाल्यावर पहिलंच काम मिळालं ते नव्या झाकणांच्या उद्घाटनाचं. रस्त्याच्या मधोमध नवंकोरं झाकण, त्याभोवती फीत, समोर गर्दी. काठी टेकत टाचा आला तसे मामा ध्वनिक्षेपकावरून गरजले, “या, या! मजबुतीचा याहून मोठा साक्षीदार कोण? ये रे, तूच उभा राहा यावर!”

टाळ्या पडल्या. बायको त्याच्या काळजीपोटी बरोबर आली होती. तिने मागून त्याचा सदरा घट्ट धरला.

“आधी तुम्ही, मामा,” टाचा म्हणाला.

टाळ्या थांबल्या. मामांनी झाकणाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि हसत हसत मुलाचं बखोट धरून त्याला पुढे केलं. नवी झाकणं कुणाच्या कारखान्यातून आली होती, हे त्या पोराच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्याने एक पाय ठेवला, डोळे मिटले आणि वडिलांची बाही सोडेना. टाचाने नेमका तो क्षण टिपला. संपादकांनी तो फोटो आतल्या पानावर, टपाल तिकिटाएवढा छापला.

त्या दिवशी परतताना टाचा आणि त्याची बायको वाटेतल्या प्रत्येक झाकणाला वळसा घालत गेले. घरी पोचायला बराच उशीर झाला.