मी टिकाव, आणि मला राग आला आहे

मी टिकाव. बोलायची मला सवय नाही, खणायची आहे. पण माझ्याकडून जे पाप करवून घेतलं, त्यानंतर गप्प बसणं जमत नाही.

लोहाराने मला एका बाजूला टोक दिलं, दुसऱ्या बाजूला रुंद पातं. मार भरपूर खाल्ला, कौतुक कुणी केलं नाही. बरं झालं. मग एका माळ्याने मला घेतलं आणि चाळीस वर्षं राबवलं. माणूस तुसडा, पण हात धुण्याआधी मला पुसायचा. बायको म्हणायची, माझ्यापेक्षा त्या लोखंडाचीच विचारपूस जास्त.

त्याच्या नातीच्या शाळेत नवा विषय आला, शेती आणि नेतृत्व. मुलांनी जमीन कसायची, आपल्यातून पुढारी निवडायचा, निर्णय आपले आपण घ्यायचे. म्हातारा कधी नव्हे तो खूश झाला. मला खांद्यावर टाकून स्वतः शाळेत देऊन आला.

शाळेने तीस नवी हत्यारं आणली होती. फीत कापली, फोटो काढले आणि सगळी कपाटात कुलूपबंद केली. हेडसरांचा हुकूम होता की तपासणीचे साहेब येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हत्यारं नवीकोरी दिसली पाहिजेत. शेतीच्या बाईंनी विचारलं, मग मुलांनी खणायचं कशानं? सर म्हणाले, तोवर पुस्तकातून शिकवा.

पुस्तकातून म्हणे. पलंगावर पडून पोहायला येतं का कुणाला?

मी शाळेच्या यादीत नव्हतो, म्हणून बाहेर राहिलो. तीस मुलं आणि एक टिकाव. मुलांनी नातीला पुढारी निवडलं आणि तिचं नाव ठेवलं मुकादम. तिने पाळ्या लावल्या. एकाने वीस घाव घालायचे, मग दुसऱ्याने. बाकीच्यांनी घरून आणलेल्या मोडक्या चमच्यांनी ढेकळं फोडायची. हातांना फोड आले, भांडणं झाली. एक आळशी पोरगा रोज पंधराव्या घावालाच वीस म्हणायचा. मुकादम त्याला सांगायची, "गणिताच्या तासाला झोपतोस, ते इथे दिसतं."

असे आठ वाफे उभे राहिले. मुळा, वाटाणा, पालक.

पेरून महिना झाला आणि तपासणी चार दिवसांवर आली. शेतीचा वर्ग कायम ठेवायचा की बंद करायचा, ते साहेब ठरवणार होते. हेडसर तेव्हा पहिल्यांदा वाफे बघायला आले. वाटाणा गुडघ्याएवढा, पालकाला किडीची भोकं. त्यांनी नाक मुरडलं. हे दाखवलं तर वर्ग गेलाच म्हणून समजा, म्हणाले. रोपवाटिकेतून फुलांची झाडं मागवली आणि शिपायाला वाफे साफ करायला सांगितलं.

मुलं तासाला बसली होती. शिपायाने मला उचललं. माझ्याच पात्याने बोटाएवढे मुळे बाहेर काढले, वाटाणा आडवा केला. चाळीस वर्षांत उभं पीक माझ्याकडून कुणी मारलं नव्हतं. मग त्या जागी फुलझाडं कुंडीसकट पुरली आणि वर माती सारली. बाई सरांच्या खोलीत भांडायला गेल्या आणि लाल डोळ्यांनी बाहेर आल्या.

मुकादमच्या हातात भाषणाचा कागद दिला. ही फुलं आम्ही वाढवली, असं त्यात लिहिलं होतं. वर्ग हवा असेल तर हेच वाच, असं सरांनी बजावलं.

साहेबांसमोर ती उभी राहिली. कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"ही फुलं आमची नाहीत, साहेब. एखादं ओढून बघा, कुंडीसकट येईल. आमचा वाटाणा होता. तो सरांनी काढायला लावला."

साहेबांनी वाकून एक झाड ओढलं. कुंडी आली. हेडसर आभाळाकडे बघत राहिले.

साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली. मुलांनी पिकवलेलं दाखवा, किडकं असलं तरी चालेल, नाहीतर वर्ग बंद.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला बोलावणं गेलं. तुमच्या नातीने शाळेचं नाक कापलं, असं हेडसर ऐकवत होते. म्हातारा दिलेल्या खुर्चीवर बसला नाही.

"पुढारी व्हायला तुम्हीच शिकवत होता ना? झाली ती. आता कशाला बोंबलता?"

एवढं बोलून तो निघून गेला.

सरांनी तिचं पद काढलं आणि आपल्या ऐकण्यातल्या एका मुलाला नेमलं. त्या मुलाने पहिल्या दिवशी मला उचललं, कुंड्या काढून उजाड झालेल्या वाफ्यांकडे पाहिलं आणि तो सरळ तिच्याकडे गेला. "मुकादम, कुठून सुरू करू?"

आता पुन्हा खणणं चालू आहे. कपाट अजून बंदच आहे. दिवस चाललेत, आणि एवढ्या हातांना मी एकटा पुरत नाही.

मोठ्या माणसांनो, शाळेत शेतीचा वर्ग काढताय, जरूर काढा. गावोगाव काढा. पण पोरांच्या हातात हत्यार द्या. त्यांच्या पिकाला कीड लागली तर लागू द्या. ती का लागली, ते पोरंच शोधतील. माझ्यापुढे फीत नको, भाषण नको. माझा दांडा सैल झालाय, घावाघावाला डोकं हलतं. त्यात एक पाचर ठोका आणि बाजूला व्हा.