एका जागी बसायचं निमित्त

ओस्केमेन शहरातल्या दुकानात ल्योन्याने मुकाशला बराच वेळ समजावलं, आणि सगळं ऐकून घेऊन मुकाशने त्याच्या नेमकं उलट केलं. ल्योन्या गळ-दोऱ्याचं सामान विकणारा, त्यात स्वतः हाडाचा मासे धरणारा. त्याला ते लागलंच.

त्याचं म्हणणं सरळ होतं. बुख्तारमा जलाशयाचं पाणी अफाट, वर हातभर जाडीचा बर्फ, आणि मासा आज इथे तर उद्या तिथे. अशा ठिकाणी सोनार-यंत्रच हवं. गिरमिटाने भोक पाडायचं, यंत्राची डबी पाण्यात सोडायची, तिचा आवाज तळावर आणि माशावर आपटून परत येतो आणि पडद्यावर रेघ उमटते. रेघ नसली तर गिरमिट उचलायचं आणि पुढचं भोक पाडायचं. पाण्यात सोडायच्या कॅमेऱ्यात मासा अगदी जिवंत दिसतो, डोळे वटारून बघताना दिसतो, पण दिसतं ते चार हातांवरचंच. कॅमेरेवाला एका भोकापाशी दिवसभर बसून राहतो आणि मासे आपल्याला भेटायला येतात का याची वाट बघतो.

"मग तोच दे," मुकाश म्हणाला.

ल्योन्याने एकदा त्याच्याकडे आणि एकदा काउंटरवरच्या दोन खोक्यांकडे पाहिलं. "मुकाश-आगा, तुम्हाला मासे धरायचेत ना?"

मुकाशने पैसे मोजून काउंटरवर ठेवले. दोन्ही घेण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही आणलीत तर तुम्हीही बर्फावरच राहायला जा, असं नूरझिपाने, म्हणजे त्याच्या बायकोने, निघतानाच बजावलं होतं. कॅमेरा पाहिल्यावर मात्र ती एका शब्दाने बोलली नाही. नवरा तो कशासाठी घेऊन आला हे तिला न सांगता कळलं होतं.

गोष्ट अशी होती की सोनार-यंत्र घेऊन दिवसभर एकाच जागी बसलेला माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही. तसं कुणी केलं तर लोक हसतील, मग विचारतील, आणि मग सगळ्या बर्फावर त्याची चर्चा होईल. कॅमेरेवाल्याला कुणी काही विचारत नाही. आणि मुकाशला एकाच जागी बसायचं होतं. पलीकडच्या किनाऱ्याच्या अगदी समोर एक जागा होती, तिथून बैसेनच्या घराचं धुराडं दिसायचं. त्या घरात त्याची एकुलती एक लेक आकमाराल दिलेली होती.

बैसेन त्याचा व्याही. लग्नाच्या वेळी दोन घरांत काही बिनसावं असं काहीच नव्हतं. देणंघेणं रीतसर झालं, घोडा रीतसर कापला गेला. बिघडलं ते एका दाढीमुळे. मेंढीचं मुंडकं पाहुण्यांतल्या सगळ्यात मोठ्या माणसापुढे ठेवायचं असतं, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बैसेन गुळगुळीत दाढी करणारा, तुळतुळीत गालांचा माणूस, आणि त्याचा धाकटा भाऊ छातीपर्यंत पांढरी दाढी वाढवून शेजारी बसलेला. मुकाशच्या घरी वाढणाऱ्या त्याच्या पुतण्याने दाढी पाहिली आणि थाळी तिच्यापुढे ठेवली. धाकट्या भावालाही त्या दिवशी काय अवदसा आठवली कोण जाणे, त्याने सुरी उचलून मुंडक्याचा कान कापलासुद्धा. बैसेनने सगळी रीत पाळली. जेवला, आशीर्वाद दिला, गाडीत बसून गेला. नंतर मुकाशने माफी म्हणून नक्षीचा झगा पाठवला. झगा ठेवून घेतला गेला, पण उलट निरोप म्हणून आला नाही.

आणि आता लेकीला बाळ झालं होतं. मुलगी. चाळिसावा दिवस उलटेपर्यंत बाळ परक्या नजरेला दाखवत नाहीत, फोटोतही नाही. आकमाराल आईला फोन करायची, मी बरी आहे, बाळ दूध पितं, म्हणायची. चेहरा कुणाच्या वळणावर गेलाय असं विचारलं की हसून विषय बदलायची. चाळिसाव्या दिवशी मोठं जेवण असतं, आणि बाळाचा पाळणा आईच्या माहेराहून यायचा असतो. मुकाशने बर्चच्या लाकडाचा पाळणा स्वतःच्या हाताने करून ठेवला होता. पण बोलावणं आल्याशिवाय लेकीच्या सासरी पाऊल टाकायचं नाही, ही रीत मोडणं त्याच्या वयाच्या माणसाला जमणारं नव्हतं. सुनेने सासऱ्यापुढे असा विषय काढायचा नसतो, त्यामुळे आकमारालचंही तोंड बांधलेलं. येत्या रविवारी चाळिसावा दिवस होता आणि बोलावणं आलं नव्हतं.

म्हणून मुकाश रोज सकाळी तंबू, गिरमिट आणि कॅमेरा घसरगाडीवर लादून त्या जागी येऊन बसायचा. पडद्यावर छोटे पट्टेवाले मासे येऊन आमिषाला नाक लावून जायचे, कधी काचेसारख्या डोळ्यांचा एखादा मोठा सुदाक मासा तळाशी सरकायचा. मुकाशचं अर्धं लक्ष तंबूच्या फटीतून धुराड्याकडे असायचं. सकाळी दाट काळा धूर निघाला की तो समजायचा, बाळाच्या आंघोळीचं पाणी तापतंय. दुपारी धूर विरळ झाला की निजलं असेल. संध्याकाळी घरी जाऊन तो हे सगळं नूरझिपाला अशा खात्रीने सांगायचा, जणू न्हाणीच्या पाटाशी बसून आला होता. तीही ऐकून घ्यायची.

पण त्या बर्फावर तो एकटा नव्हता. बैसेननेही त्या हिवाळ्यात सोनार-यंत्र घेतलं होतं, आणि ते यंत्र त्याला घडीभर बसू देत नव्हतं. भोक पाडायचं, डबी सोडायची, मान हलवायची, उठायचं, पुढे जायचं. त्याने बर्फाची चाळणी केली. पहिल्यांदा तो आपल्या किनाऱ्यालगत होता, मग मध्यावर दिसू लागला, मग मुकाशच्या तंबूकडे. लोकांना मजा वाटत होती. दोघे व्याही एकमेकांना पाण्यात पाहतात असा सगळ्यांचा समज होता. बैसेन आता मुद्दाम मुकाशच्या भोकाशी जाऊन त्याचे मासे पळवणार, अशी पैजही लागली. समोरासमोर आले की दोघे सलाम करायचे, कारण सलाम चुकवता येत नाही. त्यापुढे एक अक्षर नाही.

शुक्रवारी सकाळी मुकाश आमिष सोडून बसला होता, तेवढ्यात गिरमिटाची घरघर अगदी कानाशी आली. तंबूचं कापड हललं. कुणीतरी कापडाला जवळजवळ टेकूनच भोक पाडत होतं. बर्फाचा चुरा तंबूच्या कडेखालून आत आला. खोकला ऐकून मुकाशला कळलं कोण ते. त्याच्या मनात आलं, आता माझ्या बसण्याच्या जागेवरही हा माणूस डोळा ठेवणार. त्याला खरंच राग आला.

थोड्या वेळाने त्याच्या पडद्यावर, त्याच्या आमिषाच्या पलीकडे, एक पितळी मासोळी, म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष, खाली उतरली. ती बैसेनची. बैसेन ती सपासप वरखाली नाचवत होता. मग अंधारातून एक सुदाक आला, मांडीएवढा, आणि त्या मासोळीसमोर थांबला. बाहेर बैसेनचा श्वास जड झाला. त्याच्या यंत्रावर जाड रेघ आली असणार. रेघ आली म्हणून तो आणखी जोरात झटके देऊ लागला. सुदाक बिचकून मागे सरला, पुन्हा पुढे आला, पुन्हा मागे सरला. रेघेला डोळे नसतात, त्यामुळे मासा बिचकलाय हे बैसेनला कळायला मार्ग नव्हता. मुकाशला मात्र ते ढळढळीत दिसत होतं.

सांगावं की न सांगावं? एकदा आपल्या घरात या माणसाचा मान गेला. आता बर्फावरच्या सगळ्यांदेखत त्याला गळ कसा धरायचा ते शिकवायला गेलो, तर रविवारच्या बोलावण्याची उरलीसुरली आशाही संपली. गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण समोर मासा निघून जाताना पाहून गप्प बसणं हे मासे धरणाऱ्याच्या हाताबाहेरचं असतं.

"कुदेके," मुकाश कापडाकडे तोंड करून हळू म्हणाला. व्याह्याला आदराने हाक मारायचा हा शब्द त्याने वर्षभरात उच्चारला नव्हता. "हात थांबवा. अजिबात हलवू नका."

बाहेरचे झटके थांबले. पितळी मासोळी जागच्या जागी लटकत राहिली.

"आहे का अजून?" बैसेनचा आवाज आला, तोही हळूच.

"आहे. बघतोय. थांबा." सुदाक एक वीत पुढे आला. "आता बोटभर वर घ्या. अगदी सावकाश. बस."

मासोळी बोटभर वर गेली आणि सुदाकाने तोंड उघडलं. पडद्यावर गाळाचा ढग उठला, बाहेर बूट घसरल्याचा आवाज झाला, आणि पुढची काही मिनिटं बैसेन माशाशी, बर्फाशी आणि स्वतःच्या पाठीशी भांडत राहिला. मुकाश जागेवरून उठला नाही. व्याह्याचा मासा व्याह्यानेच काढायचा असतो.

मग तंबूची चेन उघडली आणि बैसेन वाकून आत आला. भुवयांवर बर्फ, हातात फडफडणारा सुदाक. त्याने मासा कोपऱ्यात ठेवला आणि विचारल्याशिवाय पडद्यासमोर बसला. गाळ खाली बसत होता. दोन छोटे मासे येऊन उगीचच एकमेकांना ढुशा देऊन गेले. बैसेन वाकून वाकून बघत होता.

"माझ्या यंत्रावर हे सगळं नुसत्या रेघा," तो म्हणाला.

मुकाशने थर्मासमधला दुधाचा चहा ओतला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. बैसेनने तो दोन्ही हातांनी घेतला. चहा पिता पिता त्याची मान उघड्या चेनकडे वळली आणि तिथेच राहिली. तिथून त्याचं स्वतःचं घर दिसत होतं, बरोबर समोर, दुसरं काहीच नाही.

"म्हणून तुम्ही हा बसायचा कॅमेरा घेतलात," तो म्हणाला.

मुकाशला खोटं बोलता आलं नाही. सकाळी काळा धूर निघतो तेव्हा बाळाला न्हाऊ घालतात, तेवढं इथून कळतं, असं त्याने सांगितलं. सांगताना त्याला आपलीच लाज वाटली.

"न्हाऊ दुपारी घालतात," बैसेन म्हणाला. "सकाळचा धूर माझा. ओली लाकडं मीच घालतो, बायको रोज शिव्या देते." मग त्याने चहाचा घोट घेतला. "रविवारी पाळणा कुठून येणार, हे पण ती रोज विचारते. मी म्हणायचो, ज्यांना यायचं ते येतील. मग मलाच कळेना, न बोलावता ते येणार कसे. आणि तोंडाने बोलवायला जीभ उचलेना. दाढीवाल्या भावाने कान खाल्ला त्यावरून गाव अजून मला चिडवतं हो. म्हणून यंत्र घेतलं आणि भोकं पाडत पाडत आलो. रोज थोडा इकडे."

मुकाशने त्याचा पेला पुन्हा भरला. इतके दिवस आपण ज्या गिरमिटाच्या आवाजावर मनातल्या मनात दात खात होतो, तो आवाज आपल्याकडेच येत होता. एवढी साधी गोष्ट आपल्याला कळली नाही याचं त्याला हसू आलं.

"रविवारी या," बैसेन म्हणाला. "पाळणा घेऊन, विहीणबाईंना घेऊन. सकाळीच या, जेवायच्या वेळेला नको. पण बाळाचं तोंड फुकट दिसत नाही बरं. कोरिमदिक द्यावं लागेल."

पहिल्यांदा तोंड बघायचं ते काहीतरी देऊन, हे मुकाशला शिकवायची गरज नव्हती. त्याच्या मनात तबेल्यातली तांबडी घोडी आली, तिचं शिंगरू आलं, वडिलांचा चांदीचा पट्टा आला. "काय मागाल ते, कुदेके," तो म्हणाला. "तुम्हीच बोला."

बैसेनने बोटाने कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. चेहरा गंभीर होता, पण डोळे पोराचे झाले होते.

मुकाशने पेला खाली ठेवला, गुडघ्यांवर बसला आणि कॅमेरा तिथल्या तिथे देऊन टाकायला त्याची केबल वर ओढायला लागला. ओलं, बर्फगार वेटोळं त्याच्या मांडीवर पडत होतं आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या पुसायला हात मोकळा नव्हता.

"अहो, आत्ता नको," बैसेन घाईने म्हणाला. "थांबा, थांबा. मोठा आलाय एक, इकडे बघा तरी."

मुकाशने पडद्याकडे पाहिलंही नाही. तो दोन्ही हातांनी केबल ओढत राहिला.