विसावं नाव

जून आला की आमच्या कॉलेजातले शिक्षक पोरं गोळा करत फिरतात. लोहाऱ्याच्या आसपासची गावं आम्ही आपसांत वाटून घेतो, मोटारसायकलीवर दोघं दोघं निघतो आणि दहावी पास झालेल्यांच्या दारात चहा पितो. तुकडी भरली तर नोकरी, नाही तर अतिरिक्त ठरून कुठं तरी लांब रवानगी. बावीस वर्षांत मी शिकवण्यापेक्षा चहाच जास्त प्यायलो असेन.

मी भूगोल शिकवतो. सायन्सच्या पोरांना गणिताऐवजी भूगोल घेता येतो, त्यावर माझं सगळं चालतं. तीन वर्षांपूर्वी संस्थेनं बजावलं होतं की सायन्सकडून वीस नावं आली तरच भूगोल पूर्ण वेळ ठेवू. माझ्याकडं एकोणीस होती.

विसावं नाव अक्षदाचं. तिचे वडील धुळाप्पा मेंढरं राखतात. घरात दहावीच्या पुढं गेलेलं कुणी नाही. पोरीला गणितात अठ्ठ्याण्णव मार्क होते आणि इंजिनिअर व्हायचंय हे तिनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तरी त्यांनी अंथरलेल्या घोंगडीवर बसून मी तासभर बोललो. अकरावीचं गणित अवघड, भले भले तिथं आडवे होतात, टक्के घसरतात. त्यापेक्षा जीवशास्त्र ठेव, डॉक्टर हो, जोडीला भूगोल घे, त्यात नव्वद कुठं गेले नाहीत. सगळं सांगितलं. गणित सोडलं की इंजिनिअरिंगचं दार बंद होतं, एवढंच सांगितलं नाही. आपण खोटं काहीच बोललो नाही, याचं मला तेव्हा समाधानसुद्धा वाटलं होतं.

धुळाप्पा म्हणाले, "आमाला ह्यातलं काय कळतंय, सर? तुमी सांगताल तेच लिव्हा."

फॉर्मवर भूगोल मी माझ्या हातानं लिहिला. तिनं फक्त सही केली.

बारावीला तिला भूगोलात चौऱ्याण्णव पडले. मी तिचा सत्कार घडवून आणला, भाषणही ठोकलं. नीटमध्ये मात्र तिचा काही निभाव लागला नाही. मग ती इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायला नेट कॅफेत गेली, तर तिथल्या माणसानं सांगितलं, गणित नाही, तुला भरता येत नाही. ती तडक माझ्याकडं आली. मी म्हणालो, "काय करणार, नियम यंदाच बदललाय." तिला ते पटलं. उमरग्याला बी.एस्सी.ला नाव घातलं आणि ती एसटीनं जाऊ-येऊ लागली. पहिली गोष्ट पोटासाठी केली, असं मनाला समजावता येतं. ही दुसरी थाप मी कशासाठी मारली?

यंदा धुळाप्पा दोघी पोरींना घेऊन कॉलेजातच आले. धाकटी शिवरंजनी दहावी पास झालेली, गणितात सत्त्याण्णव. "थोरलीला तुमी मार्गी लावलं," ते म्हणाले, "धाकटीचं बी तुमीच बघा." यंदा तर माझी अठराच नावं झाली होती. फॉर्म पुढ्यात, पेन हातात, आणि पोरगी तोंडाकडं बघत बसलेली. मला काय झालं कोण जाणे, मी विषयांच्या रकान्यात गणित लिहिलं. म्हणालो, हे सोडू नको, सोडलंस तर इंजिनिअरिंगला जाता येणार नाही.

धुळाप्पा खूश झाले. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला ते शिवरंजनीला घेऊन बाहेर गेले. अक्षदा टेबलापाशीच उभी राहिली. तिनं फॉर्म उचलला, वाचला आणि परत ठेवला.

"सर, हा नियम कधीपासूनचा हाय?"

अजूनही थाप मारता आली असती. जीभ तयारच होती.

"पहिल्यापासूनचा," मी म्हणालो. "तुझ्या वेळीही हाच होता. मला एक नाव कमी पडत होतं."

ती रडेल, नाही तर चार शब्द सुनावेल, असं मला वाटलं. खरं तर तिनं सुनावावं अशी माझी इच्छा होती, म्हणजे मला जरा हलकं वाटलं असतं. तिनं विचारलं, "म्या नको म्हणलं असतं तर?" मी सांगितलं, मला बहुतेक लांब कुठं तरी जावं लागलं असतं. तिनं नुसती मान हलवली.

धुळाप्पा झेरॉक्स घेऊन आले. कागद जोडून झाले. निघताना ते पोरींना म्हणाले, "सरांच्या पाया पडा गं." शिवरंजनी वाकली. अक्षदा जागची हलली नाही.

"तुला न्हाय का ऐकू आलं?" धुळाप्पा चिडले. चार बुकं शिकली की पोरींना माजच येतो, ज्यांनी शिकवलं त्यांनाच विसरतात, लाज वाटली पाहिजे, असं ते माझ्यादेखत तिला बोलत राहिले. तिनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही आणि वडिलांना काही सांगितलंही नाही. खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

एवढंच म्हणायचं होतं, धुळाप्पा, चूक तिची नाही. तेही माझ्याच्यानं झालं नाही.