सहा दिवस खनिज, रविवारी सहल

मित्रांनो, मी गोव्यातल्या साखळी गावातला एक जुना टिप्पर ट्रक आहे. नंबर विचारू नका. पाटीच गळून गेली, मग नंबराचा तोरा कशाला मिरवायचा? चाकेही गेली. आता चार चिऱ्यांवर बसून असतो. हौदा तेवढा अजून भक्कम आहे आणि आठवणी शाबूत आहेत.

माझा सांगाडा लांबच्या कारखान्यातून आला, पण हौदा बांधला डिचोलीच्या एका गॅरेजात. त्यामुळे मी स्वतःला डिचोलीचाच समजतो. चालकाच्या डाव्या हाताशी एक लोखंडी दांडा होता. तो ओढला की हौदा पुढून वर उचलला जायचा आणि मागून सगळे खनिज भसकन खाली. खाणीवरून भरायचे, नदीच्या धक्क्यावर ओतायचे, दिवसाला सात-आठ खेपा. धक्क्यावर मी उलटा लागलो की मुकादम शिट्टी मारी. शिट्टी झाली की दांडा ओढायचा. दुसरा नियम नाही.

माझा चालक धाकू. दोडामार्गाकडून पोटासाठी इकडे आलेला, अबोल आणि कामाला वाघ. बारा वर्षे त्याने तेच केले. शिट्टी आणि दांडा, शिट्टी आणि दांडा. पुढे पुढे त्याचे डोके त्यात नसायचेच, हात आपला आपण जायचा. मालक कृष्णनाथ शेट त्याचे भारी कौतुक करीत. त्या बारा वर्षांत माझे कौतुक कुणी केल्याचे मला आठवत नाही, असो.

थंडी पडली की मात्र माझे दिवस पालटायचे. साखळीत एक हौशी मंडळ होते. त्याची सभा म्हणजे गंमतच. वाद मराठीत घालायचे आणि चहा कोंकणीत मागायचा. दर हिवाळ्यात एका रविवारी मंडळाची सहल निघे आणि सूर्य कलला की तिथेच गाण्याबजावण्याचा कार्यक्रम होई. त्यासाठी शेट मला देत. आदल्या दिवशी धाकू मला वाळवंटी नदीवर नेऊन बालद्याच्या बालद्या पाणी ओती. लाल पाणी संपता संपत नसे. मग हौद्यात गवत पसरायचे, त्यावर माणसे, पोरे, खतखत्याच्या भाजीची पातेली आणि उंडे पावांच्या टोपल्या. संध्याकाळी मागचा फाळका उघडून जमखाना अंथरला की मीच रंगमंच.

गोवा राज्य झाले त्या वर्षीची सहल मोपाच्या पठारावर ठरली. आता तिथे विमाने उतरतात. तेव्हा नुसते वाळके गवत, काजूची झाडे आणि वारा होता. त्या वर्षी धाकूने आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितले. त्याची बायको पद्मावती गळ्याने गोड होती. आईकडून शिकलेली भातलावणीच्या वेळची गाणी ती भाकऱ्या भाजताना गुणगुणे, आणि तिचा आवाज खोलीबाहेर माझ्यापर्यंत येई. पण खाणीवर राबणाऱ्या परगावच्या बाईला मंडळात कोण गायला बसवणार? धाकूने मंडळाच्या गोकुळदास मास्तरांना विचारले. मास्तर शाळेत कवायत शिकवत आणि पेटीही वाजवत. बराच विचार करून ते म्हणाले, एक गाणे चालेल.

त्या एका गाण्यासाठी पद्मावतीने महिनाभर तयारी केली. त्यासाठी घेतलेले नवे लुगडे मात्र त्या दिवसापर्यंत उघडलेच नाही.

सूर्य टेकला. बॅटरीवर एक दिवा लावला होता, ती उतरू नये म्हणून धाकू इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये बसला. हौद्यात पद्मावती, पुढ्यात मास्तरांची पेटी. तिला आधी स्वतःच सूर धरून बघायचा होता. मास्तर खाली उभे राहून नाव पुकारत होते. पोरांचा कलकलाट थांबेना, तेव्हा त्यांनी गळ्यातली कवायतीची शिट्टी फुंकली.

आणि धाकूचा हात गेला.

मला थांबता आले असते तर मी थांबलो असतो, मित्रांनो. पण यंत्राला कुठे विचारतात? हौदा उचलला गेला. जमखाना, पेटी आणि पद्मावती घसरत घसरत मागे गवतात जाऊन पडली. तिला खरचटलेही नाही. पेटी तिने पोटाशी घट्ट धरली होती, तरी भाता फाटलाच. कुणीतरी ओरडले, धाकूने माल ओतला! सगळे पठार हसले. पद्मावती उठली, लुगडे झटकले आणि काजूच्या झाडांकडे तोंड करून उभी राहिली. गाणे झाले नाही.

परतीच्या वाटेवर ती केबिनमध्ये बसून होती. त्यानंतर खोलीतून भाकऱ्यांचा वास येई, गुणगुणणे येत नसे. धाकू मला आधीसारखाच चालवत राहिला, पण खेप ओतून झाली की क्षणभर त्या दांड्याकडे बघत बसे. मला फार वाईट वाटे. गुन्ह्यात माझाही हात होताच ना!

पुढच्या हिवाळ्यात मास्तर स्वतः खोलीवर आले. दारातच उभे राहून, चूक आपल्या अंगावर घेत म्हणाले, "पद्मावती बाय, शिट्टी हांवें मारिल्ली. चूक धाकूची न्हय, म्हजी. औंदा गाशी?"

मग पद्मावती बाहेर आली. धाकू समोरच होता, पण ती मास्तरांशी बोलली. "ह्यांका सांगा, तो दांडो काडून माज्याकडे दिया म्हणान. मगे गातंय. त्याच ट्रकावर."

पुन्हा तेच पठार. धाकूने पान्याने दांडा सोडवला आणि सगळ्यांदेखत तिच्या ओटीत ठेवला. पोरांचा कलकलाट होताच. मास्तरांचा हात शिट्टीकडे गेला आणि अडखळला. पद्मावतीने दांडा उचलून दाखवला, फुंका म्हणून मान हलवली. मास्तरांनी शिट्टी फुंकली. केबिनमध्ये काय झाले ते फक्त मला ठाऊक आहे. धाकूचा हात गेलाच, रिकाम्या जागी. त्याने तो हात मांडीखाली दाबून धरला आणि वर पद्मावती गाऊ लागली. एकाचा वायदा होता, तिने चार गाणी म्हटली.

पुढे दर हिवाळ्यात हेच. रविवारी दांडा तिच्याकडे, सोमवारी पहाटे परत जागेवर. एका सहलीनंतरच्या सोमवारी मात्र मला न्यायला कुणी आलेच नाही. शेटनी मोठे नवे ट्रक आणले होते. मग टायर गेले, आरसे गेले, बॅटरी गेली. ज्याने खेपा ओढल्या त्याला एक ताडपत्रीसुद्धा कुणी घातली नाही, याचा थोडा राग आहे. तुमच्या घरी असे काही म्हातारे झाले तर निदान पाऊस लागू देऊ नका.

भंगारवाला येतो, केबिनमध्ये डोकावतो आणि दांडाही चोरीला गेला म्हणून हळहळतो. त्याला काय सांगणार? तुम्ही मात्र थंडीच्या संध्याकाळी माझ्या हौद्यात खेळायला या, चढा, नाचा, गा. शिट्टी खुशाल वाजवा. दांडा पद्मावतीकडे आहे.